शेपटीतले अकरा ठिपके

“ते ठिपके झाकून टाक, स्टेफी. लेख आज जायचाय.”

पडद्यावर हरेश सर, स्टेफीचे पीएचडीचे मार्गदर्शक, पुण्याहून बोलत होते. इकडे वसईजवळच्या गिरीज गावात स्टेफी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. दोघांसमोर एकाच दीर्घिकेचा फोटो. दीर्घिकांच्या दाट समूहात ही वेगाने शिरली आणि तिथल्या तापलेल्या वायूने तिचा स्वतःचा वायू ओरबाडून मागे फेकला. वायू नाही म्हणजे नवे तारे नाहीत. बिचारी विझत चाललेली. इथवर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं मागे लोंबणाऱ्या वायूच्या शेपटीतल्या अकरा निळ्या ठिपक्यांवरून.

“सर, ते नवे तारे आहेत. फेकलेल्या वायूत जन्मलेले.”

“मागच्या, दूरच्या दीर्घिका असतील. आपली पद्धत काय? दीर्घिकेभोवती वर्तुळ काढायचं, बाहेरचं सगळं झाकायचं. वीस वर्षं तेच करतोय मी.”

“म्हणूनच वीस वर्षं कुणाला दिसलं नाही! अकराही ठिपक्यांचा वेग काढलाय मी. दूरचे असते तर तो या दीर्घिकेच्या वेगाशी जुळला असता?”

सरांनी वेगांचा तक्ता न वाचताच पुढे सरकवला. स्टेफीचं डोकं भडकलं. तीन वर्षं घातली होती तिने या अकरा ठिपक्यांत, आणि हा माणूस आकडे बघायलाही तयार नाही!

“लेख तपासणारे परीक्षक फाडून खातील,” सर म्हणाले. “ठिपके ठेवायचे तर माझं नाव काढ. संस्थेचंही. मग बघू, बाहेर तुला कोण विचारतं.”

आई, रोझमेरी, मासळी साफ करता करता थांबली. “बाय, नमतं घे गो. पाण्यात राहून माशाशी वैर नको.”

“मग पाण्याबाहेर येते.”

लेख दोघांच्याही पडद्यावर उघडा होता. स्टेफीने सरांचं नाव एकेक अक्षर करत पुसलं. मग संस्थेचं.

“अगं, मी आपलं बोललो...” सर म्हणाले.

ती थांबली नाही. वर एकच नाव उरलं, स्टेफी पास्कल लोपीस. त्याखाली, जिथे संस्था लिहितात तिथे, तिने टाइप केलं: मुक्काम गिरीज. आणि लेख पाठवून दिला.