विंगेतलं वादळ

नाटकातला सरदार गादीसाठी झोपलेल्या राजाचा खून करायचा. लगेच रंगमंचावर भुतं जागी व्हायची आणि विंगेत उभे असलेले बाबा भला मोठा पत्रा गदागदा हलवून गडगडाट करायचे. "राजा गेला, तर आभाळाला कळायला नको?" म्हणायचे. घरीही सराव चालायचाच. आई वैतागायची, "कान किटले माझे! भंगारात द्या तो एकदाचा."

बाबा गेले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. झाडाचं पानही हलत नव्हतं. आई कितीतरी वेळ खिडकीतून बघत राहिली. मग उठली, कपाटामागचा पत्रा ओढून काढला आणि जीव खाऊन हलवला.



समोरच्या काकू धावत गच्चीवर आल्या आणि भराभर कपडे काढू लागल्या.