बशीभर दूध

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये एक शब्द बोललीस तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन.

तर दोघी बहिणींतली थोरली त्या कुत्रेवाल्यासमोर उभी. कुत्रेवाला म्हणजे पिल्लं विकणारा. मागच्या अंगणात पिंजरे, पुढच्या खोलीत सोफा, आणि भिंतीवर कुत्र्यांनी जिंकलेल्या कपांची ही एवढी रांग. तिच्या हातात लसीचं कार्ड. पिल्लू दवाखान्यात, सलाइनवर.

"चार दिवसांत रक्ताची हगवण लागली," थोरली म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पार्वो आहे. लस दिलेल्या पिल्लाला सहसा होत नाही. तुम्ही लस दिलीच नाहीत."

तो सोफ्यावरून हललासुद्धा नाही. "कार्ड वाचता येतं ना ताई? दोन तारखा, दोन स्टिकर. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून तिथं लावतात. का मी घरी छापतो?"

"मग रोग आला कुठून?"

"फोनवर सांगितलं की. दूध पाजलंत. पाप तुम्ही करायचं आणि खापर माझ्या डोक्यावर?"

आणि खरंच, दूध पाजलं होतं. बाबांनी.

थांब, तिच्या बाबांचं सांगते. जन्मभर घड्याळाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचं डोकं खाणारा माणूस. बायको गेली आणि तोंडाला कुलूपच लागलं. दोन वर्षं नुसतं 'हं' आणि 'नको'. धाकटी जनावरांच्या दवाखान्यात कामाला, तिनं एक दिवस हे पिल्लू आणलं. "ओळखीनं मिळालं," म्हणाली. बाबांनी त्याचं नाव ठेवलं भोपळ्या. आणि अगं, म्हातारा बोलायला लागला! "ए भोपळ्या, माझा चष्मा कुठंय? तू तर नाही ना बसलास त्याच्यावर?" दोघी बहिणी स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि रडायच्यासुद्धा. बाबा रोज चहाची बशी पुसून तिच्यात दूध ओतायचे आणि त्याच्यासमोर धरायचे.

मग भोपळ्या आजारी पडला. थोरलीनं कुत्रेवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो 'दूध' म्हणाला, तेव्हा बाबा शेजारीच बसले होते.

"मीच मारतोय त्याला," एवढं बोलले. त्यानंतर जेवण बंद.

धाकटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी येऊन समजावलं, दुधानं फार तर पोट बिघडतं, पार्वो नाही होत. पण घड्याळं खोलणारा माणूस तो! म्हणाला, "लस दिल्याचं कार्ड समोर आहे. घरात नवीन काय झालं? दूध. माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नका."

म्हणून थोरली तिथं उभी होती. "मला कोर्ट नको, दुसरं पिल्लू नको," ती म्हणाली. "लस दिली नव्हती, एवढी एक ओळ लिहून द्या. माझ्या बाबांना दाखवायचीय."

"लिहून देऊ? म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ?" तो हसला. "पिल्लू होतं ते, फ्रीज नव्हता. वॉरंटी नसते."

'होतं' म्हणाला बघ. आणि ती दवाखान्यात पोचली तेव्हा खरंच सगळं संपलं होतं. टेबलावर टॉवेलात भोपळ्या, आणि धाकटी ओल्या कापसानं त्याचं तोंड पुसत बसलेली. पुसून झालं तरी पुसतच होती.

"ताई, सोड ना आता," ती मान वर न करता म्हणाली. "नाही पुरे पडणार आपण त्याला. बडा माणूस आहे."

"सोडू? तिकडे बाबा झिजून मरतील गं! एकदा ते कार्ड खोटं ठरलं की सुटले ते."

"आणि नाही ठरलं तर?"

"मग ठरेपर्यंत त्याच्या दारात बसेन."

धाकटीनं कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.

थोरलीनं कार्ड डॉक्टरांसमोर ठेवलं. "यातून काही निघतं का बघा ना. तुम्हाला कळेल."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. कार्ड खिडकीशी नेलं. पुन्हा टेबलाशी आणलं. मग फ्रीज उघडून लसीची एक बाटली काढली आणि कार्डाशेजारी ठेवली. तिच्या स्टिकरवर निळ्या पेनाची तिरकी रेघ होती. कार्डावरच्या दोन्ही स्टिकरवरही तशीच.

"ही रेघ मी मारतो," ते हळू म्हणाले. "भटक्या कुत्र्यांना फुकट टोचायच्या बाटल्या वेगळ्या राहाव्यात म्हणून. त्या कुत्र्यांना कार्ड नसतं. स्टिकर रिकाम्या बाटलीवरच राहतं आणि बाटली कचऱ्यात जाते."

"म्हणजे कार्ड खोटं!" थोरली जवळजवळ ओरडलीच. "लिहून द्या डॉक्टर, आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टरांनी लिहून दिलं. सही केली, शिक्का मारला. पण कागद तिच्या हातात देताना ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते धाकटीकडे बघत होते.

"रिकाम्या बाटल्या तूच टाकतेस ना गं?"

धाकटीच्या हातातला कापूस खाली पडला.

"तो म्हणाला, स्टिकर आणून दे, तुझ्या बाबांना पिल्लू देतो," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसऱ्यांच्या पिल्लांना लावेल गं ताई. आपल्याला तरी चांगलंच देईल."

घरी बाबा दारातच उभे होते. दोघींना बघून दोन दिवसांत पहिल्यांदा बोलले. "खोटं निघालं का कार्ड? कुणी केलं मग?"

थोरलीच्या मुठीत तो कागद, पाठीशी धाकटी. आता बोल. तू काय सांगितलं असतंस?