घराची शोभा

“दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो का, ते कोणी चालून दाखवल्याशिवाय मला कसं कळणार?” बागेत उकिडवा बसलेला वायरमन घरच्या सुनेला म्हणाला. “ताई, तुम्ही नको. घरात सगळ्यांत उंच कोण?”

सगळ्यांत उंच अप्पा, तिचे सासरे. ते आत खुर्चीत बसले होते. दिवस मावळला की त्यांना नीट दिसत नसे. तीन महिन्यांपूर्वी बाहेरच्या पायऱ्यांवरून पडले, आणि तेव्हापासून संध्याकाळी त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. काठी आणली, ती कपाटामागे गेली. हात धरायला जावं, तर म्हणत, “मी काय पाळण्यातलं पोर आहे?” मोडेन पण वाकणार नाही, असा स्वभाव. शेवटी सुनेने या दिव्यांचा घाट घातला आणि घराला शोभा येते म्हणून ठोकून दिलं.

“नुसता दिखाऊपणा!” अप्पा आतूनच गरजले.

“तेच त्याला बाहेर येऊन सांगा. माझं कुठे ऐकतोय तो!”

चुका काढायला बोलावलं की अप्पा कधी नाही म्हणत नसत. ते उठले, दारात आले आणि चौकट धरून थांबले. सुनेचा जीव टांगणीला लागला. हात आपसूक पुढे झाला होता, तो तिने केसांवरून फिरवून मागे घेतला.

पायऱ्यांच्या कडेने बुटके दिवे लागले होते. अप्पांनी एक पाऊल खाली टाकलं. मग दुसरं. जिथे पडले होते त्या तिसऱ्या पायरीवर ते जरा रेंगाळले.

“हा दिवा तिरका बसवलाय.”

वायरमनने मुकाट्याने तो सरळ केला. अप्पा उतरले आणि फरशीवरून, कुंड्यांच्या मधून, थेट फाटकापर्यंत चालत गेले. सुनेने तेव्हा कुठे श्वास सोडला.

फाटकाशी वळून त्यांनी घराकडे पाहिलं. भिंती काळोखात बुडाल्या होत्या.

“सूनबाई, घराच्या शोभेसाठी म्हणालीस ना? यातल्या एका तरी दिव्याचं तोंड घराकडे आहे का?”

चोरी पकडली गेली. तिने जीभ चावली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

“चुकलं, अप्पा.”

अप्पांनी हाताने चाचपून फाटकाची कडी काढली. रस्त्यावरचे दिवे लागले होते, शेजारपाजारचे लोक पाय मोकळे करायला निघाले होते.

“एक दिवा घराकडे वळव रे,” ते वायरमनला म्हणाले. “परत येताना आपलं कुठलं, ते मला लांबूनच कळायला हवं.”