शेवटची खेप

चीनशी लढाई थांबून महिना झाला, तरी हेलिकॉप्टर उडवणाऱ्या नवऱ्याचं पत्र नव्हतं. त्यामुळे जवळच्या नेरे गावचा जवान कुबडी टेकत पनवेलच्या घराचा ओटा चढताच कुमुदने बाळाला छातीशी धरलं. “वयनी, आमी दोगं जवान जखमी व्हतो, साहेब आमाला न्यायला आले. त्या उंचीवर हवा पातळ, दोगांचं वजन पंख्याला पेलंना. साहेबांनी दार उपटून फेकलं, बॅटरी फेकली, तुमचा लाडवांचा डबासुदा नाय ठेवला.” कुमुदला हसू फुटलं. “लाडूसुद्धा?” “खालून गोळ्या येत व्हत्या, आनि साहेब म्हनतात, ‘नेऱ्याचा ना तू? धर घट्ट, एकाच एसटीनं घरी जायचंय.’ आमाला उतरवून माघारी गेले. एक गडी वर राहिला व्हता.” “आणि परतले?” “मी बेशुद्ध झालो, बघितलं नाय. पन तोच गडी इस्पितळात शेजारच्या खाटेवरून बिडी मागत व्हता. साहेबांबिगर त्याला कोन आननार, वयनी?”