मुंगीपक्ष्याचं नाव

१९६८ साली प्रोफेसरांना मुंग्यांच्या फौजेमागे हिंडणारा एक तपकिरी पक्षी सापडला. त्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी हौसेने बायकोचं नाव गुंफलं. पुढच्याच वर्षी एका मित्राने त्याच जंगलातल्या काळ्या पक्ष्याला प्रोफेसरांचं नाव दिलं.

बारा वर्षांनी पत्र आलं: काळा तो नर, तपकिरी ती मादी, पक्षी एकच. नियमानुसार आधीचं नाव राहील, नंतरचं रद्द.

प्रोफेसरांना चैन पडेना. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. "अगं, माझं नाव पुसलं गेलं! आता तो नरसुद्धा तुझ्याच नावाने ओळखला जाणार!"

त्यांच्या शर्टाचं बटण लावून तिने दोरा तोडला.

"होईल हो सवय. लग्नात नाव बदललं, तेव्हा मलाही वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं."