बिनसाखरेचा चहा

दिगंबररावांनी पहिला घोट घेतला आणि कप हळूच बशीत ठेवला. चहात साखर नव्हती.

चौतीस वर्षांच्या संसारात कुमुदताई एकदाही भांडल्या नव्हत्या. रागावल्या की त्या बिनसाखरेचा चहा द्यायच्या. काय चुकलं ते नवऱ्याने स्वतःच शोधून कबूल करायचं.

"वीस वर्षांपूर्वी तुझ्या भावाने समेटाचं पत्र पाठवलं होतं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "ते मी फाडलं."

कुमुदताईंनी तव्यावरची पोळी उलटली, नीट भाजली, डब्यात ठेवली.

"साखर संपली होती," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंची भावाच्या गावी जायची बॅग दाराशी भरून तयार होती. चहा मात्र गोड होता. दिगंबररावांनी खात्रीसाठी दुसरा घोट घेतला.

"माफ केलंस?"

"साखर आणली," कुमुदताई म्हणाल्या.