धोंड्याचा महिना

कापसाला सोन्याचा भाव चढला आणि बाळापूरच्या खुशालरावांच्या जावयावर गठाणी चोरल्याचा खोटा आळ आला. अकोल्यात तीन वर्षांची सजा झाली. अपील तीस दिवसांत अमरावतीला करायचं होतं.

"बाबा, कवा जाता?" लेक जमुना रोज विचारी.

"धोंड्याचा महिना सरू दे. अशात चांगल्या कामाले हात घालत नाई." खुशालरावांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. जावयाचं वाण म्हणून तेहतीस अनारसे तेवढे त्यांनी तुरुंगात पोचवले.

महिना सरताच मुहूर्त पाहून ते अमरावतीला गेले. कारकुनानं तारीख बघून अर्ज परत केला. मुदत टळून गेली होती.

दारातच जमुनानं विचारलं, "मंग हे घरी कवा येतीन?"

खुशालरावांनी बोटं मोजली.

"पुढचा धोंडा सरल्यावर."